शनवारी मी हात लावत नाही

गुरुवार, ५ जानेवारी १९९५, पेण

ही डायरी हैबतरावांनी दिली. खताच्या दुकानाची आहे, वर बैलजोडीचं चित्र आहे. म्हणाले, "रूथआजी, तुम्ही दिवसभर बोलता. दुपारी पोरं झोपली की यात लिहा, म्हणजे घराला जरा शांतता." चेष्टेने म्हणाले. पण कागद जाड आहे, वाया कशाला घालवायचा. माझी शाळा तिसरीपर्यंत, जोडाक्षरं चुकतील. कोणी वाचणार नाही म्हणून भीती नाही.

आधी घराचं सांगते. इस्राएल आळीतलं हे घर माझ्या दिराचं, मायकलचं. ती माणसं इस्राएलला गेली त्याला खूप वर्षं झाली. आमच्यातले बहुतेक गेलेच. आमच्या मशिदीत, म्हणजे आम्ही आमच्या प्रार्थनेच्या घराला मशीदच म्हणतो, आता प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुषही जमत नाहीत. माझा मुलगा नथानियलही तिकडे. त्याला दोन मुलं, फोटोत गोरीपान दिसतात, नाक मात्र माझ्यासारखं. मायकलने जाताना घर पोरं सांभाळणाऱ्या एका संस्थेला वापरायला दिलं आणि संस्थेने त्यात सहा पोरं ठेवली. कुणाचे आईबाप वारले, कुणाचे कोळशाच्या भट्टीवर लांब गेले ते परत आलेच नाहीत. मी समोरच राहते. सकाळी येते, दिवेलागणीला घरी जाते. मी नोकर नाही, मला पगार नाही, मी आपली आजी. नातवंडं तिकडे दोन आणि इकडे सहा, म्हणजे माझ्यासारखी श्रीमंत बाई अख्ख्या पेणमध्ये नसेल.

पोरांजवळ रात्रंदिवस राहायला एक मावशी लागते. त्या टिकत नाहीत. एक लग्न करून गेली, एक सासू आजारी म्हणून, एकीने तर कारणही सांगितलं नाही. इंदुबाई त्यातल्या त्यात टिकली, पण दिवाळी झाल्यावर तीही जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला गेली. हल्लीच्या बायांना दम नाही.

आज हैबतराव नवी मावशी घेऊन आले. ते संस्थेचे सेक्रेटरी, आधी कोर्टात कारकून होते, त्यामुळे साधी गोष्ट पण निकाल दिल्यासारखी सांगतात. नवीचं नाव मैना. रोह्याची, नदीकाठच्या कातकरवाडीतली. नवरा वारला, मूल नाही. अंगाने बारीक, हात लांब. तिला आत पाठवून हैबतराव ओट्यावर मला हळू म्हणाले, "आजी, ही शेवटची. ही गेली तर मार्चअखेर घर बंद. कमिटीने ठरवलंय. मुली पनवेलच्या बाजूला, मुलगे अलिबागला."

मी विचारलं, "आणि रवी-राणी?" ती सख्खी भावंडं. रवी नऊचा, राणी पाचची. रात्री त्याचा सदरा मुठीत धरल्याशिवाय ती झोपत नाही.

हैबतराव म्हणाले, "रवी मुलगा आहे आणि राणी मुलगी आहे."

मी म्हटलं, "मैना जाणार नाही. मी बघते."

आत गेले तर राणी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. "तू कधी जानार?" असं तिला विचारत होती. मैना म्हणाली, "आत्ताच आले गो, पानी तरी पिऊ दे." मला ती तिथेच आवडली.

रविवार, ८ जानेवारी

काल शनवार, म्हणून कालचं आज लिहिते. शनवारी आम्ही काम करत नाही, विस्तव पेटवत नाही, लेखणी धरत नाही. आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे, शनवारी घाणा बंद, म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेलीच म्हणत. शुक्रवारी दिवा लावायच्या आत मी माझं दोन वेळचं जेवण करून झाकून ठेवते. शनवारी मी पोरांकडे येते खरी, पण ओट्यावर बसते.

हे मैनाला सांगायचं राहूनच गेलं. सकाळी ती बाहेर आली, "आजी, बरं नाय वाटत?" मी म्हटलं बरं आहे. थोड्या वेळाने परत आली, चेहरा एवढासा. "माझं काय चुकलं काय?" तेव्हा मी सांगितलं.

"म्हंजे आज काय करायचं ते मीच ठरवू?"

"तूच."

"आनि तुम्ही उठनार नाय?"

"संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत नाही."

मैना हसली. तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. दात जरा पुढे आहेत, छान दिसतात.

मग तिने काय केलं, तर सगळ्या पोरांना घेऊन मागच्या शेतात गेली आणि पोपटी लावली. वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, चार अंडी, सगळं भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात भरलं, मडकं उलटं ठेवलं आणि वर पेंढा पेटवला. सगळ्या आळीत वास. शनवारी शिजलेलं मी खात नाही, पण वासाला बंदी नाही. मी भरपूर घेतला.

मधेच राणी पडली, गुडघा फुटला, किंचाळायला लागली. मी उठले. लेकराला उचलायला आमच्यात बंदी नाही, कोणत्याच देवाच्यात नसणार. पण मैनाने तिला कडेवर घेतलं आणि लांबूनच मला म्हणाली, "बसा आजी, शनवार हाय." मी बसले. नवीन माणसाला काय सांगायचं. आमचा धर्म तिला माझ्यापेक्षा कडक वाटतो. राणी थोडी रडली, मग शेंगा खायला लागली. असं मी तिला रडून गप्प झालेलं कधी बघितलं नव्हतं. शनवारी देव स्वतः लक्ष घालतो, दुसरं काय.

गुरुवार, १२ जानेवारी

मैनावर कामाचा भार पडू नये म्हणून मी जपते. मागच्या बायांनाही मी असंच जपलं. ती तांदूळ निवडते, मग मी परत एकदा निवडते. ती गोधड्या घडी करते, पण तिची घडी सैल असते, म्हणून मी उलगडून परत करते. राणी अजून रात्री अंथरूण ओलं करते. ती गोधडी मैना धुते, मग मी एकदा चांगल्या पाण्यातून काढते. भाकरी ती थापते, पण तव्यावर टाकली की दुसरीकडे बघत राहते, म्हणून मी बाजूला बसून उलटते. तिची अजून एकही भाकरी जळू दिली नाही.

राणीला दुपारी रोज रडू येतं. कशाचं ते तिलाही कळत नाही. दिवसातली ती एक वेळ वाईट. आज मैनाने तिला मांडीवर घेतलं तर तिने मैनाला चावलं. मी लगेच जाऊन राणीला उचललं, तळपायाला खोबरेल चोळलं, तशी गप्प झाली. माझ्या हाताची तिला सवय आहे. मी मैनाला म्हटलं, "तू मनाला लावून घेऊ नको गो. ती माझ्याशिवाय कुणाकडे राहत नाही." ती मागे जाऊन भांडी घासत बसली. फार जोरात घासते. मी सांगितलं, बाई, पितळेची कल्हई जाईल.

रविवार, १५ जानेवारी

काल संक्रांत आणि शनवार एकाच दिवशी. मैनाने तिळाच्या वड्या केल्या, त्या मोडल्या, मग पोरांनी चुराच खाल्ला बोटांनी. आतून सारखा हसण्याचा आवाज. दुपारी राणी रडली की नाही मला कळलं पण नाही, एवढा गोंधळ. काळू म्हणजे आमचा सगळ्यात धाकटा मुलगा, सहाचा आहे, त्याचं डोकं वेगळंच चालतं. तो ओट्यावर येऊन म्हणाला, "आजी, मैनामावशी शनवारी उंच होते." मी म्हटलं, चप्पल घातली असेल. तो म्हणाला, नाय, अनवाणीच उंच होते.

नथानियलला फोनवर हे सांगणार आहे. तिकडच्या पोरांना असलं काही सुचत नसेल.

शुक्रवार, २० जानेवारी

आठवडाभर मैना गप्प. सोमवारी गप्प, बुधवारी गप्प, काल तर जेवली पण नाही नीट. मला हैबतरावांचं बोलणं आठवलं. ही पण चालली की काय.

मग मी विचार केला. बाकीचे दिवस मी असते, पण शनवारी सगळं हिच्या एकटीच्या अंगावर पडतं. सहा पोरं, स्वैपाक, धुणं, राणीचं रडणं. एवढीशी बाई. थकणार नाही तर काय. माझा शनवार देवाचा, पण त्याचा भार हिने का उचलायचा? हे माझ्या आधी कसं लक्षात आलं नाही.

म्हणून आज मी पहाटेपासून माझ्या घरी लागले. आम्ही शनवारचं शुक्रवारीच करून ठेवतो तसं आज सगळ्या घराचं केलं. वालाचं बिरडं, भाताचं मोठं पातेलं, भाकऱ्यांची चळत, गोड म्हणून नारळाच्या दुधातली लापशी. पाण्याचे हंडे भरून घेतले. पोरांचे उद्याचे कपडे काढून उशाशी ठेवले. शेजारच्यांच्या मोठ्या मुलीला सांगितलं, दुपारी येऊन राणीजवळ बस. मैना बाजारात गेली होती तेवढ्यात सगळं इकडे आणून फडताळात झाकून ठेवलं. पाठ मोडली, पण दिवा लावायच्या आत हे लिहिताना मला फार आनंद होतोय. उद्या हिला काडीसुद्धा ओढायला नको. पाय पसरून बसेल.

रविवार, २२ जानेवारी

काल सकाळी मी ओट्यावर बसून बघत होते, आता हिला कसा आनंद होतो. मैना स्वैपाकघरात गेली. एकेक झाकण उचलून बघितलं आणि परत ठेवलं. बाहेर आली.

"हे कोनी केलं?"

"मी. काल तू बाजारात होतीस तेव्हा."

"मग मी आज काय करू?"

"आराम कर गो."

ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. रवी माझ्याकडे येऊन म्हणाला, "आज मावशी आम्हाला बोंबील भाजून देनार होती, विस्तवावर. आम्ही काटक्या पन आनल्या." मी म्हटलं, उद्या दे म्हणावं, आज तिला बसू दे. दुपारी राणीला रडू आलं. शेजारच्यांची मुलगी काही तिला आवरेना. राणी धावत ओट्यावर माझ्याकडे आली, मी पोटाशी धरलं. मैना दारात उभी राहून बघत होती. बसा म्हणाली नाही, शनवार हाय म्हणाली नाही.

आज बोंबील भाजलेच नाहीत. पण काल चांगला आराम झाला तिचा.

सोमवार, २३ जानेवारी

मैना गेली. सकाळच्या गाडीने. संस्थेने दिलेलं लुगडं घडी करून खाटेवर ठेवलंय, घट्ट घडी, माझ्यासारखी. रवीला सांगून गेली, "आजीला सांग, मी आईकडे जाते."

राणी रडली नाही. आपली ताटली घेऊन जिन्याखाली जाऊन बसली. मी विचारलं, काय झालं गो बाय? म्हणाली, "आता दुसरी येईल." रडली असती तर बरं झालं असतं. खोबरेल चोळता आलं असतं.

मी एवढं केलं तिच्यासाठी.

बुधवार, २५ जानेवारी

सोमवारीच हैबतराव येऊन गेले. फेब्रुवारीत कमिटीची बैठक आहे, तिथे हे सांगावं लागेल म्हणाले. मी म्हटलं, थांबा जरा. मला वाटलं आईकडे जाते हे नुसतं सांगायचं, ही पण इंदुबाईसारखी जोह्याला रंगकामाला लागली असणार. म्हणून काल आळीतल्या एका बाईला पोरांजवळ बसवून एसटीने जोह्याला गेले.

मैना तिथे नव्हती. इंदुबाई होती. लांब शेडमध्ये पांढऱ्या मूर्ती ओळीने उभ्या आणि ही जमिनीवर बसून एकाचं धोतर पिवळं करत होती. परदेशी जाणारे गणपती आधी रंगवतात म्हणे. मला बघून उठली, पाया पडली, चहा मागवला. अंगाने भरली आहे. मी म्हटलं, "आमची पोरं सोडून ही माती कशाला जवळ केलीस गो? इथे तुझ्याशी बोलायला तरी कोण आहे?"

ती म्हणाली, "कोन नाय. म्हनून तर बरं हाय."

"म्हणजे?"

"आजी, एक मूर्ती हातात घेतली की पुरी होईस्तोवर माझी. धोतराची कड वाकडी गेली तर मीच पुसते. मागून येऊन कोन ब्रश काढून नाय घेत."

"घेईल कशाला? ज्याचं काम त्याचं."

इंदुबाई माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. मग म्हणाली, "काळू कसा हाय? अजून उंदरांशी बोलतो?" काळूचं सांगता सांगता तिचे डोळे भरले. पोरांची आठवण येते, पण परत येते का म्हटलं तर नाही म्हणाली. मला काही या बायांचं कळत नाही. येताना मला एक छोटा उंदीर दिला, मातीचा, तिने स्वतः रंगवलेला. एक कान मोठा झालाय. काळूला फार आवडला.

रविवार, २९ जानेवारी

काल मैनाशिवाय पहिला शनवार. सोमवारपासून मी पोरांकडेच झोपते. गुडघे दुखतात पण ते असो. शुक्रवारी सगळं शिजवून ठेवलं होतं, पोरांनी वाढून घेतलं, कुणी उपाशी राहिलं नाही. पण सगळी गप्प जेवली.

मी नेहमीसारखी ओट्यावर बसले. आत बघितलं तर आत कोणी मोठं माणूस नाही. आजपर्यंत एवढे शनवार पाळले, मला कधी समजलं नव्हतं की शनवार पाळायला सुद्धा आत कुणीतरी लागतं. राणी उंबऱ्यावर बसली होती, अर्धी माझ्याकडे, अर्धी घराकडे.

गहू भिजत घातलेत. चिकाचा हलवा करणार. हलवा घेऊन रोह्याला जाते. माझ्या हलव्याला आजपर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही.

मंगळवार, ३१ जानेवारी

काल रोह्याला जाऊन आले. पॅसेंजर उशिरा आली आणि नागोठण्याला उभीच राहिली. शेजारच्या बाईला मी सहाही पोरांची नावं, सवयी, कुणाला काय आवडतं सगळं सांगितलं. ती रोह्याच्या आधीच उतरली, तिला काम आठवलं म्हणे.

वाडी कुंडलिकेच्या काठाला. मैनाची आई येसू दारात जाळं विणत होती आणि मैना चुलीशी भाकऱ्या करत होती. मला बघून दचकली नाही. आईला म्हणाली, "आजी आली."

येसूने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही ती व्हय?"

"व्हय."

"बसा," येसू म्हणाली.

मी हलव्याचा डबा उघडला आणि बोलायला लागले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण पुष्कळ बोलले. बोलता बोलता लक्ष गेलं तर तव्यावरच्या भाकरीच्या कडेने धूर निघतोय. माझा हात आपोआप गेला. मैनाने माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलं पण नाही.

"आजी, ही माझी हाय."

"जळते गो."

"जळू द्या."

येसू जाळ्यातून वर न बघता म्हणाली, "जळली तर तिची ती खाईल. मी तिला लहानपनापासून तसंच सांगितलंय."

तिघी बसून ती भाकरी जळताना बघत राहिलो. मला आयुष्यात एवढं अवघड गेलं नाही, नथानियलला विमानतळावर सोडताना पण नाही. मग मैनाने ती काळी भाकरी स्वतःला घेतली आणि आम्हाला चांगल्या दिल्या. खाता खाता विचारलं, "परवा शनवारी आत कोन होतं?"

"कोण असणार?"

"मग तुम्ही उठलात?"

"उठते कशी? शनवार तो शनवार. ओट्यावर होते."

"आनि राणी?"

मी सांगितलं, उंबऱ्यावर, अर्धी इकडे अर्धी तिकडे. आणि जिन्याखाली ताटली घेऊन जेवते तेही सांगितलं. मैना नदीकडे बघत राहिली. "बघू," एवढंच म्हणाली. निघताना येसू मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "हलवा चांगला हाय. पन तुम्ही बोलता लय."

येणार की नाही ते कळलं नाही. पण हलव्याचे तीन तुकडे खाल्लेत तिने.

गुरुवार, २ फेब्रुवारी

आली. दुपारी दारात उभी, काखेत गाठोडं आणि हातात आपलं भाकरीचं मातीचं खापर. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "भाकरी मी करनार."

"कर."

"उलटनार पन मीच."

"बरं बाई."

राणी जिन्याखालून बाहेर आली नाही. मैनाने तिला बोलावलं नाही. भाकऱ्या करून आपलं ताट घेतलं आणि वाकून जिन्याखाली शिरून तिच्या शेजारी बसली. दोघींच्या तिथे गुडघे पण मावत नव्हते. बराच वेळ नुसता चावण्याचा आवाज. मग राणीचा आवाज आला, "तुझी भाकर जळलीय." मैना म्हणाली, "व्हय. कडू लागते. बघ खाऊन."

हलव्याने काम केलं. मला खात्री होतीच.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

भाकरीचं मी कबूल केलं होतं, ते पाळते. चूल पेटली की मी उठून तुळशीकडे जाते, म्हणजे शेजारच्यांच्या तुळशीकडे, आमच्यात तुळस नसते. बाकीच्या कामांचं काही ठरलं नव्हतं.

आज दुपारी राणीला रडू आलं. रोजच्यापेक्षा जास्त. लोळण घेतली, डोकं आपटायला लागली. मैनाने तिला उचललं तर तिने मैनाच्या हाताला चावलं आणि "आजी, आजी" करून ओरडायला लागली. मी ओट्यावर शेंगा सोलत होते, त्या सगळ्या सांडल्या. खोबरेलाची बाटली घेऊन मी उंबऱ्यापर्यंत गेले.

मैनाने राणीच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. तिच्या हातावर रक्त होतं थोडं. डोळ्यांत राग नव्हता. तव्यावरची भाकरी जळत होती तेव्हा तिने माझं मनगट धरलं होतं, आत्ता तिचे दोन्ही हात अडकलेले होते.

आज मंगळवार. आज मला कोणी बसायला सांगितलेलं नाही, देवाने नाही, कुणी नाही. मी परत जाऊन ओट्यावर बसले. हात मांडीखाली घालून ठेवले.

आतून राणी मला हाका मारत होती. समोरून पाणी घेऊन जाणारी बाई थांबली, "रूथबाई, पोर रडतंय तुमचं." मी म्हटलं, "मला ऐकू येतं." ती म्हणाली, मग? मी म्हटलं, "मग काही नाही. आत तिची मावशी आहे." ती तोंड वाकडं करून गेली. राणी रडतच होती. मैनाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, त्यांच्या बोलीत काहीतरी, तेच तेच, सारखं सारखं. माझ्या हातांना मुंग्या आल्या. मग एकदा "आजी" अशी हाक आली, मग नुसतं रडणं, मग कधीतरी राणी म्हणाली, "मावशी, पानी."

बराच वेळ झाल्यावर मी डोकावले. दोघी फरशीवर झोपल्या होत्या. राणीच्या मुठीत मैनाचा पदर. खोबरेल चोळलंच नव्हतं. खोबरेलाशिवाय झोपली. असं कसं होतं ते मला सांगता येणार नाही.

मला बरं वाटलं आणि बरं नाही पण वाटलं. घरी येऊन नथानियलच्या पोरांचे फोटो पुसून ठेवले. धूळ नव्हती.

शुक्रवार, १० मार्च

मधे खूप दिवस लिहिलं नाही. हल्ली दुपारी मला झोप लागते, हात रिकामे असले की असं होतं. मैना आता आठवड्यातून एकदा रोह्याला आईकडे जाते, तेव्हा पोरं माझी. त्या दिवशी मी वाटेल तेवढं चोळते, उलटते, घडी करते. संध्याकाळी ती येते आणि माझ्या घड्या उलगडून आपल्या पद्धतीने करते. मी बघते आणि गप्प बसते. बहुतेक वेळा.

आज हैबतराव आले. कमिटीने त्यांना एकदा प्रत्यक्ष बघून यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, बसा, चहा टाकते. स्वैपाकघरात गेले तर साखर जागेवर नाही. साखरेच्या जागी हरभरे, हरभऱ्यांच्या जागी मीठ. सगळे डबे हलवलेले. माझ्या दिराच्या घरात मला साखर सापडेना. म्हणून विचारायला मागच्या पडवीत गेले, तर मैना ओरडली, "आजी, सारवलंय, पाय देऊ नका."

तोपर्यंत मी दिला होता. दोन्ही.

"आता हे परत कोन सारवनार? सकाळपासून कंबर मोडली माझी. जावा, ओट्यावर बसा जाऊन. चहा मी आनते." हैबतरावांसमोर. कालची पोर, आणि मला.

मी ओट्यावर आले. राग एवढा आला होता की पाय तसेच शेणाचे. हैबतरावांनी आवाज खाली केला आणि कोर्टातल्यासारखं विचारलं, "आजी, तुमचं स्पष्ट मत सांगा. ही राहील का?"

मी म्हटलं, "राहील का म्हणजे? अहो, घर तिच्या बापाचं असल्यासारखी वागते. डबे हलवले, घड्या मोडल्या, मला माझ्याच माणसांच्या घरातून बाहेर घालवते. तुम्ही तिला जा म्हणून सांगितलं तरी ती जाणार नाही, तुम्हालाच सारवायला लावेल."

हैबतराव हसायला लागले. त्यांना हसताना मी एवढ्या वर्षांत बघितलं नव्हतं. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे, कमिटीला सांगा तुम्ही. ते डोळे पुसत म्हणाले, "सांगतो. जसंच्या तसं सांगतो."

चहा आला. साखर कमी. चहाच्या मागून राणी ओलं फडकं घेऊन आली, माझ्या पायाशी बसली आणि एकेक पाय धरून पुसायला लागली. बोटांच्या मधून सुद्धा. पुसताना माझ्याकडे वर बघून म्हणाली, "आजी, आमच्या घरात असं नाय चालत हां."

ऐकलं का, आमच्या घरात.

दोघींची तक्रार मी नथानियलला कळवणार आहे, सविस्तर.